पूर्वसिद्ध कोष्टके : ग्रहलाघवापासून मोबाईलच्या अ‍ॅपपर्यंत

ज्याला गणित करावयाचे नाही किंवा करता येत नाही, त्याच्या हाती गणिताचे फळ तयार करून द्यावयाचे, ही पंचांगकर्त्यांची जुनीच रीत होय. मोबाईलच्या अ‍ॅपबरोबर आधीच भरलेली डेटाबेसची फाइल पाठविण्याची जी पद्धत आज रूढ आहे, तिचा विचार सामान्यतः संगणकशास्त्राच्या अभ्यासकांकडून होतो. परंतु तीत उद्भवणारे बहुतेक प्रश्न पंचांगांच्या इतिहासात पूर्वीच येऊन गेले आहेत. लक्ष्मणशास्त्री ऊर्फ नानाशास्त्री दाते यांनी सुरू केलेले पंचांग ज्या सोलापुरातून निघते, तेथे तरी हा विषय परका वाटू नये.

कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ (इ. स. १५२०) हे आरंभवर्ष धरून ‘ग्रहलाघव’ रचला. आरंभदिवशीच्या ग्रहस्थिती त्याने ‘क्षेपक’ म्हणून ग्रंथातच देऊन ठेविल्या, ज्याचापांचे गणित टाळले आणि सुमारे ११ वर्षांचे, म्हणजे ४०१६ दिवसांचे एक चक्र मानले. यामुळे जोशाला हाताळावी लागणारी दिवससंख्या कधीही ४०१६ च्या पुढे जात नाही. पुढे शके १४४७ मधील ‘तिथिचिंतामणी’त तर त्याने तिथी, नक्षत्र व योग यांची कोष्टकेच सिद्ध करून दिली. श्रम एकाने एकदा करावे आणि त्यांचे फळ शेकडोंनी वापरावे, ही दृष्टी येथे स्पष्ट दिसते. त्याचे खरे कर्तृत्व सूक्ष्मतेपेक्षा या सोयीत आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

छपाईने हे फळ घरोघर नेले. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शके १७५३ चे पंचांग शिळाछापावर काढले, तेव्हापासून जोशाच्या तोंडून ऐकावयाचे पंचांग विकत घेण्याची वस्तू झाले.

आता आजच्या पद्धतीकडे वळू. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये रचलेल्या एस्क्यूलाइट या प्रणालीत स्वतंत्र सर्व्हर लागत नाही. सबंध डेटाबेस एकाच फाइलीत मावतो, आणि ती फाइल एका यंत्रावर भरून दुसऱ्या जातीच्या यंत्रावर जशीच्या तशी वाचता येते. यामुळेच ती अ‍ॅपच्या गाठोड्यात बांधून देणे शक्य झाले. अँड्रॉइडमध्ये मात्र गाठोड्यातील फाइल जागच्या जागी उघडता येत नाही. पहिल्या वेळी अ‍ॅप उघडताच तिची नक्कल अ‍ॅपच्या खाजगी जागेत करावी लागते. नक्कल अर्ध्यावर तुटली तर अपुरी फाइलच पूर्ण समजली जाण्याचा धोका असतो. म्हणून ती प्रथम तात्पुरत्या नावाने लिहून, पुरी झाल्यावरच खरे नाव देणे इष्ट. फाइलीच्या शीर्षभागात आवृत्तीचा अंक लिहिण्याची सोयही आहे, व ती न वापरणे हा निष्काळजीपणाच होय.

कारण कोष्टके जुनी होतात. ग्रहलाघवाच्या गणिताने येणारी स्थिती आणि आकाशात दिसणारी स्थिती यांत कालांतराने अंतर पडले, म्हणून केरो लक्ष्मण छत्रे यांना १८६० मध्ये ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ नव्याने द्यावी लागली. पंचांगात हा बदल सोपा असतो : पाडव्याला जुने जाते, नवे येते. परंतु भिंतीवरच्या दिनदर्शिकेत गृहिणी दुधाचा हिशेबही मांडते, आणि वर्षाअखेर तो जुन्या कागदाबरोबर जातो. अ‍ॅपची नवी फाइल जुनीवर लिहिली तर वापरणाऱ्याच्या टिपणांची गत अगदी हीच. दिलेली माहिती एका फाइलीत आणि वापरणाऱ्याने भरलेली दुसरीत ठेवणे, हा त्यावरचा साधा उपाय आहे.

याहून कठीण प्रश्न गृहीतांचा. टिळक पंचांग रेवतीतील झीटा ताऱ्यावरून आरंभस्थान मानते, दाते पंचांग चित्रापक्ष स्वीकारते. दोहोंच्या अयनांशांत सुमारे ४ अंशांचे अंतर आहे. तिथी दोहींत एकच येते, परंतु संक्रांतीत सुमारे ४ दिवसांचा फरक पडतो व क्वचित अधिक मासच वेगळा होतो. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिच्या गणितात २१ मार्च १९५६ चे अयनांश २३ अंश १५ कला, आणि मध्यवर्ती स्थान ८२॥ अंश पूर्व रेखांशावरचे, असे स्पष्ट नमूद केले होते. ज्या फाइलीत नुसते आकडे आहेत आणि अशी नोंद नाही, ती पारखावयाची कशी?

स्थळाचेही तसेच. केवळ रेखांशाच्या फरकाने सोलापुरास सूर्योदय मुंबईहून सुमारे १२ मिनिटे आधी होतो. त्या अवधीत तिथी संपत असेल तर दोन्ही गावी त्या दिवशीची तिथी निराळी धरावी लागते. तिथीच्या समाप्तीचा क्षण मात्र सर्व पृथ्वीवर एकच असतो. तेव्हा फाइलीत तो क्षण तेवढा भरून द्यावा आणि सूर्योदय वापरणाऱ्याच्या स्थळावरून यंत्राने काढावा, ही योजना मुंबईचा सूर्योदय सर्वांच्या माथी मारण्यापेक्षा निःसंशय चांगली.