विल्यम्स, चार्ली

विल्यम्स, चार्ली : (२३ डिसेंबर १९२७–२ सप्टेंबर २००६). इंग्रज फुटबॉलपटू व विनोदी कलावंत. डॉनकास्टर रोव्हर्स या यॉर्कशरमधील संघाचा बचावपटू. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लिश लीगमधील अगदी आरंभीच्या कृष्णवर्णी व्यावसायिक खेळाडूंत त्याची गणना होते. त्याची व्यापक ख्याती दूरदर्शनवरील विनोदकार म्हणून झाली. तथापि खाणकामगार ते व्यावसायिक खेळाडू हा त्याचा पूर्वायुष्यातील प्रवास इंग्लंडच्या सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने अधिक उद्‌बोधक आहे.

त्याचा जन्म बार्न्झलीजवळील रॉयस्टन या खाणगावी झाला. त्याचे वडील मूळचे वेस्ट इंडीजमधील बार्बेडोस बेटाचे. पहिल्या महायुद्धाच्या काळात सैन्यात सेवा करण्यासाठी ते आले व पुढे यॉर्कशरमध्येच स्थायिक झाले. आई इंग्रज होती. वेस्ट इंडीजमधून ब्रिटनकडे मोठ्या प्रमाणावर स्थलांतर सुरू झाले, ते १९४८ नंतर. चार्ली त्या लाटेतला नव्हे. तो खाणवस्तीतच वाढला आणि तेथलीच ठेट बोली बोलत असे. त्याचा वर्ण आणि त्याची वाणी यांचा मेळ परक्यांना बसत नसे. पण ती विसंगती ऐकणाऱ्याच्या कल्पनेत होती, त्याच्या जीवनात नव्हे.

वयाच्या चौदाव्या वर्षी शाळा सोडून तो अप्टन येथील कोळशाच्या खाणीत कामाला लागला. युद्धकाळात कोळसा उत्पादन हा राखीव व्यवसाय मानला गेल्याने खाणकामगारास सैन्यभरतीतून सूट होती. दक्षिण यॉर्कशरमध्ये बहुतेक खाणींचे स्वतःचे फुटबॉल संघ असत आणि आसपासच्या व्यावसायिक संघांचे हेर या सामन्यांवर नजर ठेवून असत. अप्टन खाणीच्या संघातून खेळत असतानाच १९४८ मध्ये डॉनकास्टर रोव्हर्सने विल्यम्सला करारबद्ध केले.

डॉनकास्टर हे शहर रेल्वे कारखाने, घोड्यांच्या शर्यती आणि भोवतालच्या खाणी यांसाठी प्रसिद्ध होते. त्याच्या संघाचे दैव मात्र चंचल. १९४६–४७ च्या मोसमात तिसऱ्या विभागाच्या उत्तर गटात ४२ पैकी ३३ सामने जिंकून त्याने ७२ गुण मिळविले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या विभागातून तो परत खाली घसरला. तरीही ऑक्टोबर १९४८ मध्ये हल सिटीविरुद्धचा सामना पाहण्यास बेल व्ह्यू मैदानावर ३७,१४९ प्रेक्षक लोटले होते. १९४९ मध्ये आयर्लंडचा नामवंत खेळाडू पीटर डॉहर्टी खेळाडू-व्यवस्थापक म्हणून आला आणि १९५० मध्ये उत्तर गटाचे विजेतेपद मिळवून संघ दुसऱ्या विभागात गेला.

याच वर्षी विल्यम्स प्रथम मुख्य संघातून खेळला. परंतु तेथे त्याचे स्थान निश्चित होण्यास १९५५ साल उजाडले. मधली सुमारे पाच वर्षे मुख्यतः राखीव संघात गेली. या विलंबाचे कारण केवळ वर्णात शोधणे घाईचे ठरेल. त्या काळी बचावफळीतील मध्यवर्ती जागा एकच असे आणि ती सहसा लवकर रिकामी होत नसे. या जागेचे महत्त्व १९२५ च्या नियमबदलाने वाढले होते. त्यापूर्वी ऑफसाइड न ठरण्यासाठी आक्रमक खेळाडू व गोलरेषा यांच्यामध्ये प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू असावे लागत. नंतर दोन पुरेसे झाले. त्यामुळे गोलांचे प्रमाण वाढले आणि पूर्वी मैदानभर संचार करणारा सेंटर-हाफ दोन पाठीराख्यांच्या मधोमध उभा राहून विरुद्ध बाजूच्या सेंटर-फॉर्वर्डला रोखू लागला. विल्यम्स हा या अडवणुकीच्या कामाचा खेळाडू होता. आपण नजाकतीचे खेळाडू नव्हतो, पण तसल्यांना थोपवणे आपल्याला जमत असे, अशा आशयाचे त्याचे उद्‌गार प्रसिद्ध आहेत. त्यांत विनय आहे तसा नेमकेपणाही आहे. डॉनकास्टरसाठीच्या १७१ सामन्यांत त्याच्या नावावर अवघा एक गोल आहे.

त्याच संघात या काळात हॅरी ग्रेग हा गोलरक्षक आणि पंधराव्या वर्षी मुख्य संघात आलेला ॲलिक जेफ्री हे गुणी खेळाडू होते. जेफ्रीचा पाय १९५६ मध्ये मोडला. ग्रेगला डिसेंबर १९५७ मध्ये मँचेस्टर युनायटेडने २३,५०० पौंडांना घेतले. गोलरक्षकासाठी तोवर एवढी रक्कम कोणी मोजली नव्हती. ही रक्कम मिळाली ती अर्थात संघाला. खेळाडूच्या वेतनावर कमाल मर्यादा होती : १९४७ मध्ये आठवड्याला १२ पौंड, १९५१ मध्ये १४ आणि १९५८ मध्ये २०. करार संपल्यावरही संघ खेळाडूची नोंदणी स्वतःकडे ठेवू शकत असे आणि मग त्याला लीगमधील दुसऱ्या संघाकडे जाता येत नसे. वेतनमर्यादा १९६१ मध्ये उठली. नोंदणी अडकवून ठेवण्याची पद्धत जॉर्ज ईस्टमच्या दाव्यात १९६३ मध्ये न्यायालयाने अवाजवी ठरविली. विल्यम्सची लीगमधील कारकीर्द या दोन्ही बंधनांखालीच गेली. खाणीतून सुटका एवढाच तिचा खरा आर्थिक लाभ.

याच भूभागाशी निगडित असे एक जुने उदाहरण येथे नमूद करणे योग्य ठरेल. पहिला कृष्णवर्णी व्यावसायिक फुटबॉलपटू मानला जाणारा, गोल्ड कोस्टमध्ये जन्मलेला आर्थर व्हॉर्टन रॉदरम व शेफील्ड येथे खेळला आणि अखेरीस डॉनकास्टरजवळच्या एडलिंग्टनच्या खाणीत मजूर झाला. तो १९३० मध्ये वारला. त्याच्या थडग्यावर नाव कोरलेला दगड बसविला गेला तो १९९७ मध्ये. व्हॉर्टन मैदानावरून खाणीत गेला, विल्यम्स खाणीतून मैदानावर आला.

डॉहर्टीने १९५८ मध्ये संघ सोडला. त्याच वर्षी डॉनकास्टर तिसऱ्या विभागात आणि १९५९ मध्ये नव्या चौथ्या विभागात घसरला. विल्यम्सचा लीगमधील खेळही १९५९ मध्येच संपला. पुढे कामगारांच्या क्लबांतून तो गाऊ लागला; गाण्यांपेक्षा मधल्या गप्पाच श्रोत्यांना अधिक रुचतात हे ध्यानी आल्यावर त्याने विनोदाचा व्यवसाय पत्करला. १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘द कमेडियन्स’ या दूरदर्शन मालिकेने तो देशभर पोहोचला. स्वतःच्या वर्णावरील त्याच्या कोट्यांवर पुढील पिढीने टीका केली, आणि ती गैर नव्हती. मात्र त्याच्यापुढे बसलेला श्रोतृवर्ग पाहता दुसरी वाट त्याला कितपत मोकळी होती, हाही प्रश्न उरतो. १९९९ मध्ये त्यास एमबीई हा किताब मिळाला. बार्न्झली येथे त्याचे निधन झाले.