दवंडी कुठवर ऐकू जाते?

किन्हीराजाला माझ्या लहानपणी दिवस कलला की एखाद्या संध्याकाळी डफडे वाजे, मागोमाग ‘ऐका हो ऐका’. आम्ही पोरे त्या आवाजामागे गावभर हिंडायचो. पुढे पंचायतीचे जुने कायदे वाचू लागलो तेव्हा कळले, की आमची ती करमणूक म्हणजे नियमाने बांधलेली जाहीर नोटीस होती.

वऱ्हाड १९५६ साली मुंबई राज्यात आले. त्याआधी इथे मध्यप्रांत-वऱ्हाडाचा १९४६चा पंचायत कायदा होता. मुंबईचा ग्रामपंचायत अधिनियम १९५८चा, सभांचे नियम १९५९चे. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी, असाधारण सभेची चार दिवस आधी. कागद कचेरीवर आणि गावातल्या ठळक जागी लावायचा, शिवाय दवंडी द्यायची. मला मोल वाटते ते त्या ‘शिवाय’चे. राज्यातले निम्म्याहून पुष्कळ अधिक लोक तेव्हा निरक्षर होते. भिंतीवरचा कागद त्यांच्या लेखी भिंतच.

पण दवंडी देणारा कोण? बहुतेक गावांत हे काम महारांच्या माथी. सगळ्यांना चावडीवर बोलवायचे त्याने आणि स्वतः उभे राहायचे पायरीखाली. पश्चिम महाराष्ट्रात या चाकरीला वतनाचे नाव होते. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायदा बदलण्यासाठी विधेयक मांडले. ती वतने प्रत्यक्ष गेली १९५९ साली. दवंडीचा नियम आला तेच हे वर्ष. योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही.

आता गणपूर्तीचे पाहा. मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला कमी आकडा. तेवढी माणसे नसली तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागतच नाही. म्हणजे ज्याच्या कानी दवंडी पडली नाही, त्याच्यावाचून घरकुलाची यादी मंजूर होऊ शकते. शेतात वस्ती करून राहणारा, ऊसतोडीला गेलेला, गावकुसाबाहेरचा, यांच्यापर्यंत डफडे पोचत असे का? आता नोटीस मोबाइलच्या ग्रुपवरही येते. तिथेही यातलीच माणसे नसतात.

म्हणून कुठल्याही गावची ग्रामसभेची जुनी नोंदवही हाती आली, की मी आधी ठराव वाचत नाही. सह्या आणि अंगठे मोजतो.