कोणाच्या आवाजासाठी कोण मागे सरतो? साइडचेन कॉम्प्रेशनचा इतिहास

१/२०
घाटघर. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, नाणेघाटाच्या माथ्यावरचे गाव. गेल्या पावसाळ्यात तेथील एका आजींनी भाताच्या आवणीच्या वेळी म्हणायचे गाणे मला म्हणून दाखवले. मी ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित केले. महिनाभराने त्याचे तयार 'मिक्स' ऐकवल्यावर आजींनी विचारले, “बाळा, बोल कुठं गेलं माझं?” हा थ्रेड त्या प्रश्नाच्या उत्तरासाठी आहे. 🧵

२/२०
घडले ते असे. घरच्या घरी संगीत तयार करणाऱ्या माझ्या एका मित्राने त्या गाण्याला ठोके, बेस आणि सिंथची साथ जोडली. प्रत्येक ठोक्याला बाकी सर्व सूर दबावेत म्हणून त्याने साइडचेन कॉम्प्रेशन लावले. अनवधानाने आजींचा आवाजही त्या 'बाकी सर्वां'त गेला. मिनिटाला १२० ठोके, म्हणजे सेकंदाला दोनदा आवाज खाली जात होता. ठोक्यावर येणारे प्रत्येक अक्षर गिळले जात होते. आम्हा दोघांना ते 'आधुनिक' वाटले. ज्यांचे शब्द होते त्यांना मात्र त्यात शब्दच सापडेनात.

३/२०
प्रथम संज्ञा समजून घेऊ. कॉम्प्रेसर म्हणजे आवाजाच्या बटणावर ठेवलेला यांत्रिक हात. आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की हा हात तो ठरावीक प्रमाणात खाली आणतो. एरवी हे यंत्र ज्या आवाजाला दाबायचे तोच आवाज ऐकत असते. साइडचेनमध्ये ते दुसराच आवाज ऐकते आणि तिसऱ्याला दाबते असे नव्हे, तर ऐकते एकाला आणि दाबते दुसऱ्याला. कान एकीकडे, हात दुसरीकडे.

४/२०
याची गरज का भासते? मोठा आवाज लहान आवाजाला झाकतो, हे आपण रोज अनुभवतो. १९२४ मध्ये अमेरिकेतील वेगेल आणि लेन या संशोधकांनी ही झाकण मोजून दाखवली. त्यांच्या प्रयोगांतून एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली: जोरदार खालचा स्वर वरच्या स्वराला जितका झाकतो, तितका वरचा स्वर खालच्याला झाकत नाही. म्हणजे ढोल मोठा झाला की बाईचा आवाज बुडतो. उलटे सहसा होत नाही.

५/२०
नाणेघाटाची नळी उतरलेल्यांना हे लगेच पटेल. त्या अरुंद वाटेवर लादलेल्या बैलांचे दोन तांडे समोरासमोर आले, तर एकाला कडेला थांबावेच लागेल. ऐकू येणाऱ्या स्वरांची वाटही अशीच अरुंद आहे. प्रश्न एवढाच उरतो: थांबायचे कोणी? साइडचेनचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो, आणि त्याचे उत्तर काळाप्रमाणे बदलत गेले आहे.

६/२०
विजेच्या आधीचे उत्तर आपल्याच तालुक्यात आहे. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक जत्रांसाठी सुपाऱ्या द्यायला येतात. ध्वनिक्षेपक नव्हते तेव्हा हे फड उघड्या मैदानात, शेकडो माणसांपुढे उभे राहत. ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि झांज यांच्या कल्लोळातून लावणीचा शब्द शेवटच्या माणसापर्यंत जायलाच हवा होता.

७/२०
तो कसा जात असे? ढोलकीवाला गाणारणीच्या तोंडाकडे पाहत असे. शब्द चालू असताना ठेका आवरता ठेवायचा, ओळ संपली की उसळायचे, पुढची ओळ सुरू होताच पुन्हा मागे यायचे. झील धरणारे ओळीचा शेवट उचलत आणि गाणारणीला श्वास घ्यायला जागा देत. आज ज्याला 'डकिंग' म्हणतात, तेच हे. कान गाणाऱ्याकडे, हात ढोलकीवर. फरक एवढाच, की येथे मागे सरणारा माणूस शब्दाचा अर्थ जाणत होता.

८/२०
याच परंपरेत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर घडल्या. १९३५ मध्ये पंढरपूर येथे जन्मलेल्या या कलावतीला १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपती पुरस्काराने दाद मिळाली. २००२ मध्ये त्यांचे निधन झाले. तमाशातील स्त्री समाजात कोठे उभी होती, हे आपण जाणतो. तरीही बोर्डावर ती गाऊ लागली की सारा वाद्यमेळ तिच्या शब्दासाठी वाट करून देत असे. ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

९/२०
ध्वनिमुद्रण आले तेव्हा प्रश्न तोच राहिला, उपाय बदलला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्यास येऊन भारतीय कलावंतांच्या ध्वनिमुद्रिका करून गेले. त्या काळी मायक्रोफोन नव्हता, फक्त भोंगा होता. गायकाने भोंग्याजवळ तोंड न्यायचे, मोठ्या आवाजाच्या वाद्यांनी दूर बसायचे. बसण्याची जागा हेच मिक्सिंग. एकदा जागा ठरली की मग मागेपुढे सरण्याची सोय फारशी नव्हती.

१०/२०
१९२५ पासून विद्युत ध्वनिमुद्रण रूढ होऊ लागले आणि आवाजाच्या बटणावर माणसाचा हात आला. १९२७ मध्ये मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. निवेदक बोलू लागला की संगीत खाली आणायचे, थांबला की वर न्यायचे: हे काम प्रसारण केंद्रांत कुणाला तरी हाताने करावे लागे. ढोलकीवाल्याचे काम आता नियंत्रकाकडे आले होते.

११/२०
हात काढून तेथे यंत्र बसवण्याची निकड मात्र संगीतात निर्माण झाली नाही. ती टेलिफोनमध्ये निर्माण झाली. लांबच्या तारांवर बोलणाऱ्याला आपलाच प्रतिध्वनी ऐकू येई. १९२० च्या दशकात बेल कंपनीच्या अभियंत्यांनी असे मंडल रचले, की एका दिशेने बोलणे सुरू होताच उलट दिशेचा मार्ग दबला जाई. १९२७ मध्ये न्यूयॉर्क-लंडन रेडिओ-टेलिफोन सुरू झाला, तेव्हा तेथेही बोलणाऱ्याच्या आवाजाने चालणारी अशीच यंत्रणा होती. ती नसती तर आलेला आवाज पुन्हा बाहेर जाऊन मार्गावर किंकाळी घुमली असती.

१२/२०
एक आवाज ऐकून दुसरा आवाज दाबणारे यंत्र, म्हणजे साइडचेनचा पूर्वज तो हाच. हे सारे दूरदेशीचे वाटत असेल, तर आपल्या जिल्ह्याकडे वळू. इंग्लंडशी बिनतारी संदेशवहन करण्यासाठी १९२७ मध्ये जी बीम केंद्रे उभारली गेली, ती खडकी आणि दौंड येथे. १९३३ मध्ये भारत-इंग्लंड रेडिओ-टेलिफोन सेवाही सुरू झाली. घाटघरच्या रानात आवणीची गाणी चालू होती, त्याच काळात पुणे जिल्ह्याच्या माळावर मानवी आवाज समुद्रापार पोहोचवण्याची खटपट चालू होती.

१३/२०
पुढची पायरी बोलपट आणि रेडिओची. फिल्मवर प्रकाशाने ध्वनी उमटवताना 'स', 'श' यांसारखी अक्षरे फाटत. तेव्हा यंत्राच्या कानाला हीच अक्षरे अधिक तीव्र ऐकवायची, म्हणजे ते नेमके तेथेच आवाज आवरते, ही युक्ती निघाली. तीही साइडचेनच. रेडिओत निवेदकाच्या आवाजाने संगीत आपोआप खाली जाऊ लागले. १९७० च्या दशकात डिस्कोच्या मिक्सरवर 'टॉकओव्हर'चे बटण आले आणि डीजे बोलताच गाणे दबू लागले.

१४/२०
येथे थोडे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. तमाशाची ढोलकी, रेडिओचा नियंत्रक, टेलिफोनचे मंडल, डिस्कोचा मिक्सर: या सगळ्यांत हुकूम मानवी आवाजाचा आहे. शब्द आला की बाकीच्यांनी मागे सरायचे. यंत्रे बदलली, पण हा मान शब्दाकडेच राहिला.

१५/२०
मान फिरला तो नृत्यसंगीतात. तेथे किक, म्हणजे खालचा जाड ठोका, आणि बेस एकाच पट्ट्यात, साधारण ५० ते १०० हर्ट्झच्या आसपास, एकमेकांना भिडतात. म्हणून ठोक्याने बेसला दाबायचे. पुढे हा दाब लपवण्याऐवजी मुद्दाम ऐकवला जाऊ लागला. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचे २००० सालचे 'वन मोअर टाइम' आणि स्वीडनच्या एरिक प्रिड्झचे २००४ सालचे 'कॉल ऑन मी' ऐका. सारे गाणे ठोक्यागणिक श्वास घेतल्यासारखे फुगते आणि बसते. आता हुकूम ठोक्याचा झाला होता.

१६/२०
यात वाईट काही नाही. नाचायच्या गाण्यात ठोक्यानेच राज्य करावे. अडचण येते ती सवय आंधळी झाली की. आज एफएल स्टुडिओ, एबलटन लाइव्ह, रीपर यांतील कोणत्याही प्रणालीत ही सोय हाताशी आहे. एकेकाळी अभियंत्यांच्या दालनात असलेले यंत्र खोलीतल्या लॅपटॉपवर आले आहे. पण सोबत शिकवण्या येतात त्या बहुतेक नृत्यसंगीताच्या. त्यामुळे ओवी असो, पोवाडा असो की आवणीचे गाणे, आपण प्रथम किकच्या हाती सत्ता देतो.

१७/२०
आम्ही दुरुस्ती कशी केली, ते सविस्तर सांगतो. आजींचा आवाज दाबला जाणाऱ्या गटातून बाहेर काढला. किकने फक्त बेसला दाबायचे: दाब सुरू होण्याचा वेळ १ ते २ मिलिसेकंद, सुटण्याचा सुमारे १३० मिलिसेकंद. १२० च्या लयीत दोन ठोक्यांत ५०० मिलिसेकंद असतात, म्हणून पुढच्या ठोक्याआधी बेस पूर्ववत होतो. मग ठोके, बेस आणि सिंथ यांचा एक गट करून त्यावर दुसरा कॉम्प्रेसर लावला आणि त्याचा कान आजींच्या आवाजाकडे वळवला. प्रमाण ३:१, सुरुवात १० ते १५ मिलिसेकंद, सुटका सुमारे २५० मिलिसेकंद, दाब ३ ते ४ डेसिबलच. याहून अधिक दाब दिला की साथ धापा टाकू लागते.

१८/२०
तरी एक घोटाळा राहिला. मोबाइलच्या मुद्रणात पत्र्यावरचा पाऊस होता. यंत्र पावसालाही आवाज समजे आणि साथ सतत दबलेलीच राही. तेव्हा यंत्राच्या कानावर गाळणी बसवली: २०० हर्ट्झच्या खालचे आणि ४००० हर्ट्झच्या वरचे त्याने ऐकायचे नाही. शिवाय दाबाची पातळी पावसाच्या किंचित वर ठेवली. रीपर वापरणाऱ्यांसाठी: आवाजाचा ट्रॅक साथीच्या गटाच्या ३/४ वाहिन्यांवर पाठवा आणि रीआकॉम्पमध्ये डिटेक्टर इनपुट 'ऑक्झिलरी' निवडा. गाळणीही तेथेच आहे. ती फक्त यंत्राच्या कानाला लागते. ऐकणाऱ्याला पाऊस ऐकू येतच राहतो.

१९/२०
इतिहासाच्या विद्यार्थ्याने यात का पडावे? घाटघरहून थोडे खाली नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. तेथे राजपरिवाराच्या मूर्ती होत्या. आज मूर्ती गेल्या आहेत, उरली आहेत ती पावलांच्या खुणा आणि वरची कोरलेली नावे. अक्षरे वाचता आली म्हणून ती माणसे आपल्याला कळली. मौखिक गाणे हाही असाच लेख आहे. त्याच्या मिक्समध्ये कोण पुढे आणि कोण मागे हे ठरवणे म्हणजे साधनाचे संपादन करणे होय. म्हणून दोन नियम: मूळ मुद्रण, कोणताही संस्कार न करता, वेगळे जपून ठेवा, आणि तयार झालेले मिक्स प्रथम गाणाऱ्याला ऐकवा.

२०/२०
दुसरे मिक्स घेऊन पुन्हा घाटघरला गेलो. आजींनी मोबाइल कानाशी धरून शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाल्या, “एक कडवं राह्यलं की रं. मधलं.” त्या दिवशी आवणीच्या घाईत ते त्यांच्याकडून सुटले होते. त्यांनी तेथेच म्हणून दाखवले आणि आम्ही ते मुद्रित केले. पहिल्या मिक्समध्ये ही चूक कधीच सापडली नसती, कारण शब्दच ऐकू येत नव्हते.

आपल्या घरातील वा गावातील गाणी कोणी मुद्रित केली असतील, तर अनुभव अवश्य लिहा. मिक्सिंगविषयी प्रश्न असल्यास तेही विचारा, जमेल तसे उत्तर देईन. 🙏
#इतिहास #जुन्नर #नाणेघाट #ध्वनिमुद्रण