चाकोरी, घाट आणि डोंगरी सायकल

मराठीत ‘चाकोरी’ हा शब्द आपण बहुधा निषेधाच्या सुरातच वापरतो. चाकोरीबद्ध आयुष्य, चाकोरीतले लेखन, चाकोरीबाहेरचा विचार हे शब्दप्रयोग समीक्षेत इतके रुळले आहेत की मूळ चाकोरी म्हणजे बैलगाडीच्या चाकांनी मातीत पाडलेली जोडखाच, याचे भान राहत नाही. गाडीवानाला ही खाच हवीशी असे. अंधारात, पावसात, डुलकी लागली असतानाही बैल त्या खाचेने गाडी घरी नेत. डोंगरी सायकलचा, म्हणजे ज्याला आपण इंग्रजी नावानेच ‘माउंटन बायकिंग’ म्हणतो त्या खेळाचा, दावा मात्र नेमका उलटा आहे. डांबरी रस्ता सोडावा, चाकोरी मोडावी आणि डोंगराच्या अंगाने जावे, हा त्याचा मंत्र. या दाव्याचा बीड जिल्ह्यातील बालाघाटाच्या संदर्भात विचार केला, तर वाटांच्या इतिहासाविषयी काही महत्त्वाचे हाती लागते. तेवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम बालाघाट या नावाकडे पाहू. ‘बाला’ हा फार्सी शब्द, अर्थ, वरचा. ‘घाट’ आपला. मोगल व पुढे निजामाच्या कारभारात बालाघाट आणि पायनघाट, म्हणजे घाटावरचा आणि घाटाखालचा मुलूख, अशी विभागणी असे. डोंगररांगेचे हे नावच मुळी चढउताराच्या अनुभवातून आलेले आहे. ज्याने घाट चढला त्यालाच ‘वरचा’ आणि ‘खालचा’ हा भेद सुचणार. बीड जिल्ह्याचा उत्तर भाग गोदावरीकाठचा, सखल आणि काळ्या मातीचा. दक्षिण व पश्चिम भाग बालाघाटाच्या पठाराचा. बेसाल्टच्या थरांनी बनलेल्या या पठाराच्या कडा पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात. मांजरा, सिंदफणा, बिंदुसरा या नद्या पाटोद्याच्या परिसरातील याच उंचवट्यावर उगम पावतात आणि निरनिराळ्या वाटांनी खाली जातात.

शनिवार-रविवारची सवड काढून सायकलीवरून हा प्रदेश पाहू म्हणणाऱ्याला बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढून पठारावर यावे लागते. जवळच कपिलधार आहे. तेथे धबधबा आहे आणि ‘परमरहस्य’कार मन्मथस्वामींची समाधी आहे. पश्चिमेकडे पाटोद्यावरून पुढे गेल्यास जामखेडच्या अलीकडे सौताडा लागते. येथे विंचरणा नदी एकदम दरीत कोसळते आणि तळाशी रामेश्वराचे देऊळ आहे. पूर्वेला केजमार्गे अंबाजोगाई. गावाबाहेर डोंगराच्या कुशीत मुकुंदराजांची समाधी दाखवली जाते. तिच्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण ‘विवेकसिंधु’च्या कर्त्याला परंपरेने दरीतल्या एकांतात बसवले, हे लक्षणीय आहे. मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची ही पाने आपण वर्गात वाचतो. ती ज्या उतारांवर घडली ते उतार मात्र पाठ्यपुस्तकात येत नाहीत.

या ठिकाणांना जोडणाऱ्या मुख्य रस्त्यांवर आज डांबर व सिमेंट आहे. त्यांच्या आजूबाजूला मात्र जुन्या वाटांचे जाळे अजून टिकून आहे. भाषेने त्यांचे बारीक भेद केले आहेत. दोन शेतांमधून जाणारी पाणंद, बैलगाडीची गाडीवाट, एका माणसापुरती पाऊलवाट, दोन डोंगरांमधली खिंड किंवा बारी, ओढ्याच्या घळीतून चढणारी नाळ. डोंगरी सायकलस्वार ज्याला ‘सिंगल ट्रॅक’ म्हणतात आणि ज्याची त्यांना सर्वांत अधिक ओढ असते, ती आपली पाऊलवाटच. तिला रुंदी एका देहाची. त्या देहांनी ती कशासाठी पाडली, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

पहिले उत्तर भक्तीचे. पैठणहून पंढरपूरला निघणारी एकनाथ महाराजांची पालखी रायमोहा, पाटोदा, खर्डा, परंडा या मार्गाने जाते. म्हणजे गोदेच्या खोऱ्यातून बालाघाट ओलांडून ती भीमेच्या खोऱ्यात उतरते. आष्टी तालुक्यातील सावरगावला मच्छिंद्रनाथांचे स्थान, पाटोदा तालुक्यात गहिनीनाथगड. नाथपंथीयांची ही स्थाने माथ्यांवर असल्याने त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटा भाविकांच्या पावलांनीच मळल्या. दुसरे उत्तर युद्धाचे. ११ मार्च १७९५ रोजी झालेली खर्ड्याची लढाई आपण नाना फडणविसांच्या मुत्सद्देगिरीचा विजय म्हणून वाचतो. ती उताराचीही लढाई होती. बिदरकडून मांजरेच्या काठाने आलेले निजाम अलीचे सैन्य तोफा, जनाना आणि जड बाडबिस्तरा घेऊन मोहरीच्या घाटातून खाली उतरत असताना मराठी घोडदळाने त्याच्यावर हल्ले केले. घाट चढताना माणूस दमतो, पण उतरताना तो असहाय होतो. डोंगरी सायकलीवर बसणाऱ्या प्रत्येक नवशिक्याला हे पहिल्या तासात कळते. मोठ्या लष्करालाही ते कळायला घाटच लागला.

आता सायकलीकडे वळू. डोंगरी सायकलीचा जन्म १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात झाला, असे सांगण्याची रीत आहे. टमाल्पायस डोंगराजवळच्या एका वनरस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी पहिली उतारशर्यत लावली. सुमारे तीन किलोमीटरांत ती वाट चारशे मीटर उतरे. त्यांच्या सायकली १९३० व ४० च्या दशकांतल्या, जाड टायरच्या, टाकाऊ. उतरताना मागच्या चाकाच्या ब्रेकमधले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे, म्हणून त्या वाटेलाच ‘रीपॅक’ हे नाव पडले. जो ब्रीझ याने १९७७ मध्ये खास या कामासाठी सांगाडा घडवला. १९८१ मध्ये कारखान्यातून मोठ्या संख्येने अशी सायकल बाहेर पडली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या खेळाला स्थान मिळाले.

ही जन्मकथा खरी असली तरी अपुरी आहे. १८९७ मध्ये अमेरिकी सैन्याच्या २५ व्या पायदळ पलटणीतील वीस कृष्णवर्णीय सैनिक मिसूलाहून सेंट लुईसपर्यंत सुमारे तीन हजार किलोमीटर चिखलातून, दगडधोंड्यांतून सायकलीवर गेले होते. त्यांना कोणी खेळाडू म्हटले नाही, कारण ते हुकमाने गेले होते. आपल्याकडेही दुधाच्या किटल्या लटकवलेली, दांड्याच्या ब्रेकची, बिनगिअरची काळी सायकल पिढ्यान्‌पिढ्या गाडीवाटेने आणि शेताच्या बांधावरून गेली आहे. चढणीला उतरून ती हाताने ढकलायची आणि उतरणीला जीव मुठीत धरायचा, हे कौशल्य दूधवाल्याला, पोस्टमनला, खेड्यातल्या शिक्षकाला अवगत होते. वाट तीच, यंत्रही जवळपास तेच. वेगळा होता तो हेतू. जो गरजेपोटी डोंगर चढतो त्याचे श्रम आणि जो हौसेने चढतो त्याचा खेळ, अशी नोंद इतिहासाच्या वह्यांत होत आली आहे.

खेळ वाढला तसा आणखी एक बदल झाला. सापडलेल्या वाटा पुरेनात, तेव्हा वाटा बांधल्या जाऊ लागल्या. वेल्समधील कोएद अ ब्रेनिनच्या जंगलात १९९० च्या दशकात खास डोंगरी सायकलींसाठी वाटा आखल्या गेल्या आणि ब्रिटनमध्ये इतरत्र त्यांचे अनुकरण झाले. अशा ठिकाणी वाटेच्या तोंडाशी बहुधा एक सरावाचे आवार असते. लहान उंचवटे, दगडांची रास, अरुंद फळी, कलती वळणे. आपल्या तालमीत लाल माती जे काम करते तेच हे आवार करते. पडणे तेथे स्वस्त असते. खऱ्या डोंगरावर जाण्याआधी शरीराने तोल, ब्रेक आणि नजर यांचा मेळ बसवावा, ही त्यामागची कल्पना.

वाट बांधण्याचे शास्त्र मात्र पाण्याभोवती फिरते. सरळ उतारावर काढलेली वाट दोन-चार पावसाळ्यांत ओहोळ होते. म्हणून वाट समपातळी रेषेच्या जवळून, डोंगराला वळसा घालत न्यावी; तिचा चढ बाजूच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा; सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आसपास राहावा; आणि तिचा बाहेरचा काठ किंचित झुकता ठेवावा, म्हणजे पाणी वाटेने न वाहता वाट ओलांडून जाईल, असे या क्षेत्रातील जाणकार सांगतात.

हे नियम वाचताना बीडमधल्या वाचकाला काहीतरी ओळखीचे वाटले पाहिजे. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील हजारो स्त्रीपुरुष खडी फोडत होते, रस्ते, पाझर तलाव आणि बांध घालत होते. त्याच अनुभवातून रोजगार हमी योजनेला कायद्याचे रूप आले. पुढे पाणलोट विकासाच्या कामांत डोंगरउतारांवर सलग समतल चर खणले गेले. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची ‘वॉटर कप’ स्पर्धा प्रथम ज्या तीन तालुक्यांत झाली त्यांत अंबाजोगाई होता. वरूड आणि कोरेगाव हे उरलेले दोन. गावकऱ्यांनी समपातळी रेषा शोधून, चुन्याने आखून, श्रमदानाने चर काढले. चर पाणी अडवतो आणि वाट पाण्याला जाऊ देते, एवढा फरक. उतार वाचायची विद्या एकच. वेल्समधला वाट बांधणारा आणि बालाघाटातला चर खणणारा यांनी डोंगराला विचारलेला पहिला प्रश्न सारखाच असतो: येथून पाणी कोठे जाईल?

येथे हा विषय छंदापुरता राहत नाही. दिवाळीच्या सुमारास याच घाटांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे उतरतात. बैलगाड्या होत्या तेव्हा चाकोरीतून, आता बहुतेक ट्रक-ट्रॅक्टरांतून. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत हंगाम. सप्टेंबर २०२२ मध्ये आष्टीपर्यंत आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बीडपर्यंत अहिल्यानगरहून रेल्वे पोहोचली. त्याआधी कित्येक पिढ्या हा प्रदेश घाटाच्या वाटेनेच बाहेर पडत आणि परतत राहिला. ज्या उतरणीवर सायकलस्वाराला वाऱ्याचा आनंद मिळतो, तीच उतरण दुसऱ्या कोणाच्या वर्षाची सक्तीची सुरुवात असते. दोन्ही अनुभव खरे आहेत. पहिल्याने दुसऱ्याला पुसून टाकू नये, एवढीच अपेक्षा आहे.

म्हणून बालाघाटात उद्या कोणी डोंगरी सायकलींच्या वाटा आखू लागला, तर त्याने त्या कोऱ्या कागदावर आखत असल्याचे समजू नये. ज्यांच्या गायरानातून, देवस्थानाच्या माथ्यावरून, पाणलोटाच्या चरांवरून ती रेषा जाणार, त्यांना तिच्या आखणीत मजुरीपुरतेच स्थान मिळते की जाणकार म्हणून, यावर त्या वाटेचे चारित्र्य ठरेल. चर खणणाऱ्या हातांनी वाट आखली, आणि दिवाळीनंतर गावात राहण्याचे एखादे जास्तीचे कारण त्यातून कोणाला मिळाले, तर या खेळाने इथल्या इतिहासात आपले पान लिहिले असे म्हणता येईल.

शेवटी पुन्हा चाकोरी. डोंगरी सायकलीचे टायरही त्याच जागेवरून शंभर वेळा गेले की खाच पडते, आणि मागून येणारा तिच्याच आधाराने वळण घेतो. चाकोरीबाहेर जाण्याची जिद्द बाळगणारा खेळही अखेरीस एक चाकोरीच मागे ठेवतो. परंपरेची याहून नेमकी व्याख्या समीक्षेलाही क्वचितच करता आली असेल. आपण जिला चाकोरी म्हणून हिणवतो ती कोणाच्या चाकांनी पाडली आणि ती गाडी काय ओढत होती, एवढे विचारण्याची सवय आपल्या वाचनालाही लागायला हवी.