सहा निघाले, तिघं परतले

फुलपाड्याहून शिरसाडमार्गे वज्रेश्वरीला सायकलवर मुक्कामी जायचं ठरलं, की ग्रुपमधला नवखा हमखास विचारतो, “मी मागे पडलो तर?”

प्रश्न जुना आहे बरं का! १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. ना मोबाईल, ना जीपीएस. नरिमन कपाडिया तेहरानहून घरी परतले. केकी पोचखानवाला आणि गुस्ताद हाथीराम अमेरिकेत वेगळे झाले. हाथीराम तर तिथंच राहिले. उरले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. जपान, चीन करत हे तिघं १८ मार्च १९२८ ला मुंबईत पोचले. साडेचार वर्षांत सुमारे ७१,००० किलोमीटर! पुढे त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं.

निम्मा ग्रुप वाटेत सुटला, तरी मोहीम मोडली नाही. आपली तर एका रात्रीची राईड. म्हणून निघण्याआधीच ठरवा: सगळ्यांच्या मागे कोण राहणार, आणि कुणाला परतावंसं वाटलं तर सोबत कोण जाणार. मग नवखाही बिनधास्त पॅडल मारेल.