२१ दिवसांची पिल्लावळ

स्थिर तापमानाच्या खोलीत फळीवर काचेच्या छोट्या पेल्यांची रांग असते. प्रत्येक पेल्यात एकच जीव: डॅफ्निया मॅग्ना जातीची मादी, वय चोवीस तासांच्या आतलं. काही पेल्यांत नुसतं पाणी, बाकीच्यांत तपासायचं रसायन, किमान पाच वेगवेगळ्या मात्रांत. पुढचे २१ दिवस तिला शेवाळ खाऊ घालायचं, आठवड्यातून निदान तीनदा पाणी बदलायचं आणि ती किती पिल्लं घालते ते मोजत राहायचं. गोड्या पाण्यातल्या बिनकण्याच्या जिवांना एखादं रसायन दीर्घकाळात किती बाधतं, हे जगभर बहुतेक असंच ठरवतात. विषाची परीक्षा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मरण येतं; इथे मात्र जन्म मोजतात. ही उलटापालट व्हायला बराच काळ जावा लागला.

जीव तसा जुन्या ओळखीचा. अ‍ॅम्स्टरडॅमच्या यान स्वामरडॅमने १६६९ मध्येच त्याचं वर्णन करून ठेवलं आणि पाण्यात टुणटुण उडतो म्हणून त्याला पिसू म्हटलं. प्रत्यक्षात पिसवेशी त्याचा काडीचा संबंध नाही. तो कोळंबी-खेकड्यांच्या गोतातला. जलपिसू हे नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. डॅफ्निया हे कुलनाम म्युलरने १७८५ मध्ये दिलं, मॅग्ना ही जात १८२० मध्ये स्ट्राउसने नोंदवली.

सूक्ष्मदर्शकाखाली ही बया एकदम उघडी पडते. कवच पारदर्शक, लांबी फार तर पाच मिलिमीटर. पाठीशी धडधडणारं हृदय दिसतं, शेवाळ खाऊन हिरवं झालेलं आतडं दिसतं आणि त्यामागे पाठीवरच्या पोकळीत अंडी, पुढे पुढे डोळ्यांचे काळे ठिपके आलेली पिल्लंही दिसतात. नराची गरज नाही. खाणंपिणं बरं असेल तर मादी आपल्यासारख्याच माद्या जन्माला घालत राहते, म्हणजे एका वाणाची हवी तेवढी एकसारखी जनावरं हाताशी. प्रयोग करणाऱ्याला आणखी काय हवं?

१९०० मध्ये अर्नेस्ट वॉरनने तिला मिठाच्या पाण्यात सोडून ती किती वेळ तग धरते ते पाहिलं. १९३०च्या दशकात स्वीडनच्या आयनार नाउमानने प्रयोगप्राणी म्हणून तिच्यावर लेख लिहिले. पण खरा कामाचा माणूस अमेरिकेचा बर्टिल अँडरसन. १९४४ मध्ये त्याने कारखान्यांच्या सांडपाण्यात सापडणाऱ्या पदार्थांची यादी घेतली आणि कोणता किती मात्रेला जलपिसवेची हालचाल थांबवतो हे मोजलं. लेख छापून आला तो सांडपाण्याच्या धंद्यातल्या मासिकात, हे मला फार बोलकं वाटतं. जीवशास्त्रज्ञांच्या कुतूहलातून निघालेला हा जीव तिथे पहिल्यांदा नोकरीला लागला.

प्रश्न अजून तोच होता: मेली का? तो बदलला मिनेसोटातल्या डुलुथच्या सरकारी प्रयोगशाळेत. १९७२ मध्ये बीसिंगर आणि क्रिस्टेन्सन यांनी लेक सुपीरियरच्या पाण्यात एकेका धातूचा परिणाम तीन आठवडे पाहिला. त्यांचे कॅडमियमचे आकडे बघा. ४८ तासांत निम्म्या पिसवा मारायला लिटरमागे ६५ मायक्रोग्रॅम लागले. तीन आठवड्यांत तेवढ्याच मारायला ५ पुरले. आणि पिल्लांची संख्या १६ टक्क्यांनी घटवायला अवघे ०.१७. ज्या पाण्यात आई दोन दिवस धडधाकट पोहताना दिसते, त्याच पाण्यात पुढे तिची पिल्लं कमी होत जातात. पहिली वीण साधारण आठ-दहा दिवसांनी होते, नंतर दर तीन दिवसांनी; म्हणून तीन आठवडे. त्यात चार-पाच खेपा पदरात पडतात.

१९८४ मध्ये ओईसीडी या औद्योगिक देशांच्या संघटनेने पिल्लांची ही मोजणी आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत घेतली, अल्पकालीन चाचणीचं शेपूट म्हणून. मग घोळ सुरू झाला. तेच रसायन, तीच जात, आणि प्रयोगशाळेगणिक आकडे वेगळे. दोष विषात नव्हता, पाळण्यात होता. काय खायला घालता, किती घालता, कोणता वाण वापरता आणि पाणी कसलं, हे सगळं आकड्यांत उतरत होतं.

सगळ्यात मजेशीर भानगड पाण्याची. तळ्याचं पाणी रोज वेगळं, म्हणून लोकांनी शुद्ध पाण्यात मोजके क्षार घालून प्रमाण पाणी बनवलं होतं. जर्मनीत एलेंड्टने १९९०च्या सुमारास दाखवलं की त्या स्वच्छ पाण्यात पिसवा आजारी पडतात: स्पृशांची टोकं गळतात, कवच खराब होतं. कारण सेलेनियमची कमतरता. विषाची परीक्षा घेणारं पाणीच उपासमार करत होतं! मग सूक्ष्म मूलद्रव्यं घालून एम-४ नावाचं पाणी तयार झालं. त्यात लोह विरघळलेलं राहावं म्हणून ईडीटीए हे रसायन असतं आणि ते इतर धातूंनाही धरून ठेवतं. त्यामुळे धातूंची चाचणी असेल तर हे पाणी टाळा, असं सांगावं लागतं. एक भोक बुजवलं की शेजारी दुसरं पडतंच.

१९९८ मध्ये ओईसीडीची २११ क्रमांकाची स्वतंत्र पद्धत आली. त्यातली मला सगळ्यात आवडणारी अट रसायनाबद्दल नाहीच. नुसत्या पाण्यातल्या माद्यांपैकी २० टक्क्यांहून जास्त मरता कामा नयेत आणि जगलेल्या प्रत्येकीला सरासरी किमान ६० जिवंत पिल्लं व्हायला हवीत. नाहीतर चाचणी बाद. म्हणजे आधी तुम्हाला जलपिसू नीट पाळता येते हे सिद्ध करा, मग विषाबद्दल बोला.

२१ दिवस ज्यांना जास्त वाटले त्यांच्यासाठी माउंट आणि नॉरबर्ग यांनी १९८४ मध्येच सेरिओडॅफ्निया ही छोटी नातलग वापरून सात दिवसांची चाचणी आणली होती. अमेरिकेत सांडपाण्यासाठी ती रुळली. २००८ मध्ये ओईसीडीच्या २११ला एक पुरवणी जोडली गेली. कीटकांच्या बाल-संप्रेरकाची नक्कल करणारी काही कीटकनाशकं दिली की मादी नर पिल्लं घालू लागते, असं जपानी संशोधकांना आढळलं होतं. मग नुसती डोकी मोजून भागेना. हवं तिथे नर-मादी ओळखण्याची सोय झाली, पिल्लाच्या पहिल्या स्पृशेची लांबी बघून.

आपल्याकडच्या प्रयोगशाळाही रसायनांच्या परदेशी नोंदणीसाठी हीच मोजणी करतात. २०११ पासून त्यांचे अहवाल ओईसीडी देशांत चालतात. देशातल्या सांडपाण्याच्या सर्वसाधारण मानकात मात्र जैव-चाचणी माशांची आहे: न पातळ केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. पिल्लांचा प्रश्न त्यात विचारलेला नाही.