पणजोबांचे खाते

आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत कधी छापला गेला नाही. वतन, सनद, मूळ पुरुष असे काही सांगण्यासारखे कुणापाशी नव्हतेच. पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांचा गिरणीचा पास तेवढा आहे, आणि पणजोबांविषयी आजीच्या तोंडचे एक वाक्य : 'ते साच्यावर होते.' साचा म्हणजे माग. या एका शब्दाला धरूनच मागे जावे लागते.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत ताडदेवला कापडगिरणी काढली. १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत गिरणगाव उभे राहिले आणि त्याला माणसे पुरवली ती प्रामुख्याने कोकणाने. १९११च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. आजच्या सिंधुदुर्गाचा बराच भाग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. वरकस जमीन, वाटण्यांनी तुकडे झालेली शेते, वर्षभर न पुरणारे भात-नाचणी. घरातला कर्ता तरुण बोटीने मुंबई गाठायचा, बायकामुले गावी राहायची आणि मनीऑर्डरीवर घर चालायचे. पणजोबाही असेच आले.

त्यांच्या नेमणुकीचा कागद सापडत नाही, कारण तो बहुधा नव्हताच. कामावर घ्यायचा तो जॉबर, आणि त्याच्यापर्यंत पोचवायचा गाववाला किंवा नातलग. पहाटे गिरणीच्या दारात उभे राहायचे; कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी 'बदली' मिळायची, नाहीतर माघारी फिरायचे.

पण कोणत्या गिरणीत, यापेक्षा कोणत्या खात्यात, हा प्रश्न अधिक सांगून जातो. वाइंडिंग आणि रिळिंग खात्यांत बायका असत. विणकाम खात्यात कमाई जास्त, पण तिथे अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्यात विटाळ होतो, हे कारण पुढे केले जाई. ते कामगार सूतकताईच्या कमी पगाराच्या कामांत अडकून राहिले. १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. 'ते साच्यावर होते' या वाक्यात पणजोबांच्या हातातले कसब आहे, तशी जातीमुळे मिळालेली जागाही आहे. ही दुसरी गोष्ट गाळून लिहिलेला आमचा वृत्तांत खोटा ठरेल.

कामाच्या तासांनाही पिढ्या आहेत. आधी सूर्योदय ते सूर्यास्त राबणे होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. १९११च्या कारखाना कायद्याने पुरुषांचा दिवस बारा तासांचा झाला, १९४६च्या दुरुस्तीने आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आला. आजोबांची पाळी आठ तासांची होती, ती पणजोबांच्या पिढीने सोसून मिळवलेली.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगाव गिरणगाव उरले नाही. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे देण्याची योजना आली, तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता, त्याला किंवा त्याच्या वारसाला पात्र धरले गेले. घरोघरी ट्रंका उघडल्या, जुने पास, पगाराच्या चिठ्ठ्या शोधल्या गेल्या. त्याआधीच्या तीन-चार पिढ्यांचे कागद मागायला कुणी आले नाही, म्हणून ते हरवत गेले.

ते मागायचे काम आता आपले आहे. घरात कुणी म्हातारे माणूस असेल तर आजच त्यांच्यापाशी वही घेऊन बसा. गाव, चाळ, गिरणी, कोणाच्या ओळखीने कामाला लागले, आणि खाते कोणते, एवढे पाच प्रश्न विचारा. पास असेल तर तो नीट जपून ठेवा. कष्टकऱ्यांचा कुलवृत्तांत त्यांच्या नातवंडांनीच लिहायचा असतो.